ट्यूब प्रीअँपमधली ट्यूब कशी बदलावी

ट्यूब प्रीअँप (स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अँपच्या आधी बसणारा, काचेच्या ट्यूबांवर चालणारा प्रीअँप्लिफायर) घरी आला की थोड्याच दिवसांत कुणीतरी सल्ला देतंच, "कंपनीच्या ट्यूबा काढून टाक, चांगल्या बसव, मग बघ आवाज!" सल्ला अगदीच चुकीचा नसतो. पण खिशात हात घालण्याआधी स्वतःला विचारा, ट्यूब बदलायची कशासाठी? ती बिघडली आहे म्हणून, की आवाजाचा बाज जरा वेगळा हवा आहे म्हणून? पहिल्या बाबतीत दोष नेमका कुठे आहे ते शोधावं लागतं, दुसऱ्या बाबतीत कानाला वेळ द्यावा लागतो. दोन्हीकडे पथ्य मात्र एकच: एका वेळी एकाच जागेची ट्यूब बदलायची. चारही जागा एका बैठकीत बदलून मोकळे झालात, तर फरक पडला तरी तो कशामुळे पडला हे कळणार नाही, आणि खरखर सुरू झाली तर चौघांतला चोर कोण हेही कळणार नाही.

इथे फक्त प्रीअँपबद्दल लिहितो आहे. पॉवर अँपमधल्या ईएल३४, केटी८८ वगैरे मोठ्या ट्यूबा बदलल्या की बऱ्याचदा बायस (ट्यूबमधून किती करंट वाहावा हे ठरवणारं व्होल्टेज) जुळवावा लागतो, ते वेगळं प्रकरण आहे. प्रीअँपमधल्या छोट्या ट्यूबांचा बायस बहुतेक वेळा कॅथोडच्या (तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) रेझिस्टरमुळे आपोआप ठरतो, म्हणून हे काम नवशिक्यालाही जमतं.

आधी नंबर वाचा

काचेवर नंबर छापलेला असतो. स्टिरिओ प्रीअँपमध्ये बहुधा १२एएक्स७, १२एयू७, १२एटी७ किंवा ६डीजे८ यांपैकी काहीतरी सापडेल. युरोपीय पद्धतीने यांचीच नावं अनुक्रमे ईसीसी८३, ईसीसी८२, ईसीसी८१ आणि ईसीसी८८. मॅन्युअलमध्ये एक नाव आणि खोक्यावर दुसरं दिसलं तर घाबरू नका. युरोपीय नावातून थोडी माहितीही मिळते. ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर (कॅथोड तापवणारी तार), सी म्हणजे ट्रायोड (सिग्नल वाढवणारी तीन भागांची रचना), दोन सी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड आणि ८ म्हणजे नऊ पिनांचा छोटा तळ. अमेरिकन नावातला १२ हा आकडा साधारण १२.६ व्होल्टच्या हीटरचा. मग एकाच ट्यूबला दोन व्होल्टेज कसे? कारण या ट्यूबांच्या हीटरला मधोमध एक तोंड काढलेलं असतं. ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर १२.६ व्होल्ट दिले तरी चालतात, किंवा त्या दोन्ही एकत्र जोडून त्यांच्या आणि ९ नंबरच्या पिनमध्ये ६.३ दिले तरी चालतात.

६डीजे८ इथेच वेगळी पडते. दिसायला तशीच, पिनाही नऊच, पण तिचा हीटर फक्त ६.३ व्होल्टचा आणि तो ४ व ५ वर जोडलेला. ९ नंबरची पिन दोन ट्रायोडांमधल्या पडद्याला जाते. १२एएक्स७ साठी १२.६ व्होल्टवर जोडलेल्या सॉकेटमध्ये ती बसवली, तर हीटरला दुप्पट व्होल्टेज मिळेल. ट्यूब गेलीच म्हणून समजा.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतोय. तिथे जुन्या रेडिओंतून काढलेल्या ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४, ईझेड८० अशा ट्यूबा कधीमधी दिसतात. सगळ्या नऊ पिनांच्या. विचारलंत की उत्तर ठरलेलं, "साहेब, बसतोय ना व्हॉल? मग चालतोय!" (व्हॉल म्हणजे व्हॉल्व्ह, ट्यूबच.) बसतो हे खरं, पण यातली एक रेडिओचे सिग्नल मिसळणारी ट्यूब आहे, एक पॉवर ट्यूब आहे आणि एक तर चक्क एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर. आतली जोडणीच निराळी. मॅन्युअलमध्ये लिहिलेला नंबर किंवा त्याचं दुसरं नाव, याखेरीज काहीही सॉकेटमध्ये घालू नका.

मग १२एएक्स७ च्या जागी १२एयू७? तळाची जोडणी सारखीच असल्यामुळे हा मोह बऱ्याच जणांना होतो. १२एएक्स७ चा गुणक (सिग्नल किती पट वाढू शकतो तो आकडा) १००, १२एटी७ चा ६० आणि १२एयू७ चा २० च्या आसपास. केवळ आवाज कमी होईल इतकंच असतं तर ठीक होतं. पण १२एएक्स७ एकेका ट्रायोडमागे जेमतेम एक-दीड मिलिअँपिअरवर काम करते, तर १२एयू७ ची तब्येत दहाच्या घरातली. सर्किटमधले रेझिस्टर पहिलीसाठी निवडलेले असतात, त्यात दुसरी नीट खुलत नाही. फोनो स्टेज (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) असेल तर रेकॉर्डसाठीची ध्वनी-दुरुस्तीही बिघडू शकते, कारण ती ट्यूबच्या गुणकाचा आणि अंतर्गत रोधाचा हिशेब धरूनच केलेली असते. फार गेन (सिग्नलची वाढ) त्रास देत असेल तर १२एएक्स७ च्या जागी ५७५१ हा बरा पर्याय. तिचा गुणक ७० आणि वागणूक बरीच जवळची. हीटर किंचित जास्त करंट घेतो, एवढं लक्षात ठेवा.

दोष ट्यूबचाच आहे ना?

पुण्यात जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते. या दिवसांत एका बाजूची खरखर पुष्कळदा ट्यूबची नसतेच. मागचे आरसीए प्लग (सिग्नलच्या वायरींचे गोल प्लग) किंवा ट्यूबच्या पिना काळवंडलेल्या असतात. आधी प्लग दोन-तीनदा फिरवून, काढून-घालून बघा. फुकटात काम होतं.

तरी दोष राहिला तर अदलाबदल करा. बऱ्याच प्रीअँपमध्ये डाव्या-उजव्या चॅनेलला स्वतंत्र ट्यूब असते. डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे बसवा (बंद करून, थंड होऊ देऊन, रीत खाली सांगितली आहे). खरखर ट्यूबबरोबर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर ट्यूब खराब. जिथल्या तिथे राहिली तर ट्यूब निर्दोष, आणि तुमचे पैसे वाचले. काही प्रीअँपमध्ये एकाच ट्यूबचा अर्धा भाग डाव्या आणि अर्धा उजव्या चॅनेलला वापरलेला असतो. तिथे ही युक्ती चालत नाही, एक चांगली जादा ट्यूब हाताशी लागते.

आवाजाच्या जातीवरूनही बराच अंदाज येतो. सतत सूंऽऽ वाढलं असेल तर पहिल्या टप्प्यातली ट्यूब म्हातारी झाली असेल. मधूनच फट्-फट् होत असेल तर ट्यूब किंवा सॉकेटचा सैल संपर्क. घुंऽऽ असा हम असेल तर जरा कान देऊन ऐका. आपली वीज ५० हर्ट्झची. खर्जातला, गोलसर ५० हर्ट्झचा हम अर्थिंगच्या घोळातून किंवा हीटरमधून कॅथोडकडे गळणाऱ्या करंटमधून येतो. त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झचा जरा कर्कश बझ बहुधा पॉवर सप्लायच्या कपॅसिटरकडे बोट दाखवतो. दुसऱ्या प्रकारात कितीही ट्यूबा बदला, उपयोग शून्य. आणि हम जावा म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

मायक्रोफोनिक ट्यूब, म्हणजे हादरा बसला की स्पीकरमधून आवाज काढणारी, ओळखायला सोपी. प्रीअँप चालू, व्हॉल्यूम बेताचा, आणि पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने काचेवर अगदी हलकी टिचकी. (ट्यूबा पेटीच्या आत असतील तर झाकण उघडून हे करू नका.) स्पीकरमधून थोडी टकटक आली तर ते चालतं. टण्ण् असा आवाज येऊन रेंगाळला तर ती ट्यूब फोनोच्या पहिल्या जागेवर नको. व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढच्या टप्प्यात कदाचित मजेत चालेल.

डोळ्यांनीही बघा. काचेच्या आत, बहुधा डोक्याकडे, आरशासारखा चंदेरी-काळपट लेप असतो. त्याला गेटर म्हणतात. बेरियमचा हा लेप आत उरलेली हवा शोषून घेतो. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेतून हवा शिरली आहे आणि ट्यूब मेली. ती तशी चालू करूही नका. प्रीअँप चालू असताना एखादी ट्यूब काळोखी आणि थंडगार राहिली तर हीटर तुटलाय, किंवा सॉकेट हीटरच्या पिना नीट धरत नाही. उलट काही ट्यूबा चालू करताक्षणी तळाशी लख्खकन चमकतात. नवीन माणूस हादरतो, पण काही जुन्या युरोपीय ट्यूबांची ती सवयच आहे.

कुठून घ्यायच्या

तापकीर गल्लीत मल्टिमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, चिमटे, सगळं मिळेल. ट्यूबांची आशा मात्र फारशी धरू नका. त्यापेक्षा गिटारचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा. गिटार अँप्लिफायरमध्येही १२एएक्स७ च लागते, त्यामुळे निदान ती तरी त्यांच्याकडे असण्याची शक्यता बरी. बाकी सगळं ऑनलाइन.

१२एएक्स७ आरसीएने १९४७ साली बाजारात आणली आणि ती आजही नवी तयार होते, पण कारखाने आता मोजकेच उरलेत. स्लोव्हाकियातला जेजे, रशियातला सारातोवचा कारखाना आणि चीनमधले काही. खोक्यावर टुंग-सोल किंवा मुलार्ड असं भारदस्त जुनं नाव दिसलं तरी आतली नवी ट्यूब बहुधा सारातोवचीच असते. ती वाईट असते असं नाही. फक्त अमेरिका-इंग्लंडच्या जुन्या कारखान्याची समजून तिचे जादा पैसे मोजू नका.

जुन्या पण न वापरलेल्या ट्यूबांचा बाजार वेगळाच. विकणारे त्यांना एनओएस (न्यू ओल्ड स्टॉक) म्हणतात. टेलिफुंकेन, मुलार्ड, अँपेरेक्स, आणि आपल्याकडची बीईएल. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओ-अँप्लिफायरच्या ट्यूबा बनवल्या, आणि त्यांतल्या काही आजही चांगल्या निघतात. घेताना छापलेल्या नावावर जाऊ नका. छपाई कुणीही करू शकतो. अस्सल टेलिफुंकेनच्या तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण उठवलेली असते. ती हाताला लागते. "न वापरलेली" म्हणून दिलेल्या ट्यूबच्या पिनांवर सॉकेटचे ओरखडे आहेत का, तेही बघा. चाचणीचे आकडे देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. फोनोच्या पहिल्या जागेसाठी कमी नॉइजची म्हणून निवडलेली ट्यूब घ्यायला थोडे जास्त गेले तरी हरकत नाही, बाकी जागांना साधी पुरते. एका ट्यूबचे दोन अर्धे दोन चॅनेलला जात असतील तर दोन्ही अर्धे सारखे असलेली मागा, नाहीतर आवाज एका बाजूला झुकेल. माझं मत विचाराल तर पहिली खरेदी नव्या, साध्या, चालू बनावटीच्या जादा जोडीची करावी. एनओएस नंतर.

झाकण उघडण्याआधी

हा भाग घाईत वाचू नका. ट्यूब प्रीअँपमध्ये प्लेटसाठी (ट्यूबच्या आतल्या धातूच्या पत्र्यासाठी) साधारण १५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात, काहींत त्याहून जास्त. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकून राहतात. काही मशिनमध्ये ते काढून टाकायला रेझिस्टर बसवलेला असतो, काहींत नसतो, किंवा असलेला जळालेला असतो.

बंद करण्याचा क्रम ठरलेला: आधी पॉवर अँप, मग प्रीअँप. चालू करताना उलटा: आधी प्रीअँप, अर्धा-एक मिनिट थांबून पॉवर अँप. ट्यूब प्रीअँप चालू-बंद होताना जो धक्का देतो, तो या क्रमामुळे स्पीकरपर्यंत पोचत नाही. मग भिंतीतला प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं. प्लग हातात दिसला पाहिजे. अमेरिकेहून आलेलं १२० व्होल्टचं मशीन असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचाही प्लग काढा.

आता वीस मिनिटं थांबा. ट्यूबही थंड होते, व्होल्टेजही उतरतं.

ट्यूबा पेटीच्या बाहेर, उघड्यावर असतील तर पुढच्या पायरीवर चला. आत असतील तर अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन उतरवा, झाकण काढा आणि मल्टिमीटर डीसीच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवा. काळ्या वायरचं चिमट्याचं टोक चासीला (धातूच्या सांगाड्याला) लावा, डावा हात खिशात ठेवा आणि उजव्या हाताने लाल टोक मोठ्या कपॅसिटरच्या धन टोकाला टेकवा. आकडा २०-३० व्होल्टच्या खाली आला असेल तर काम करा. नसेल तर पुन्हा थांबून मोजा. अर्ध्या तासाने तो तेवढाच दिसला, तर झाकण लावून मशीन जाणत्या मेकॅनिककडे न्या. स्क्रू ड्रायव्हरने टोकं जोडून "ठिणगी पाडून रिकामं" करणं हा प्रकार घरी नकोच.

ट्यूब काढणं आणि बसवणं

मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. कागदावर सॉकेटांचा आराखडा काढून कुठली ट्यूब कुठे होती ते लिहा. ट्यूबवर पेनने काही लिहू नका, त्याऐवजी कागदी टेपचा बारीक तुकडा काचेच्या खालच्या भागावर तात्पुरता चिकटवा आणि मशीन चालू करण्याआधी आठवणीने काढा.

काही ट्यूबांवर धातूची टोपी असते. ती किंचित खाली दाबून थोडी वळवली की निघते. आता काच तळाजवळ दोन-तीन बोटांनी धरा. डोक्यावरच्या टोकाला हात लावू नका. तिथूनच आतली हवा काढून काच बंद केलेली असते, ते टोक तुटलं की खेळ संपला. पिळायचं नाही, ओढायचं नाही. अगदी बारीक वर्तुळात डोलवत सरळ वर. घट्ट बसली असेल तर पाच-सहा वेळा डोलवा. वाकडी उपसली तर पिनेच्या मुळाशी काचेला तडा जातो, आणि तो लगेच दिसतही नाही.

उजेडात पिना बघा. चकचकीत असायला हव्यात. करड्या किंवा काळपट असतील तर सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकेक पिन पुसा. फार खराब असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने एक-दोन हात. काच मात्र कोरड्या कापडानेच पुसा. अल्कोहोलचा बोळा काचेवरून फिरला तर छापलेलं नाव पुसलं जातं, जुन्या ट्यूबांवर तर नुसत्या ओल्या बोटानेही. नाव गेलं की ट्यूबची बाजारातली किंमतही गेली. बोटांचे ठसे उमटले तर या छोट्या ट्यूबांना काही होत नाही.

सॉकेट साफ करायला मेडिकलमध्ये मिळणारा दातांच्या फटींतला बारीक ब्रश उत्तम. कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब ब्रशवर घ्या, सॉकेटमध्ये फवारू नका. त्या ब्रशच्या मधोमध धातूची तार असते हे विसरू नका. वर व्होल्टेज मोजायला सांगितलं ते यासाठीही. साफ झाल्यावर ओल उडून जाईपर्यंत चहा घेऊन या.

आता नवी ट्यूब. नऊ पिना गोलात असतात आणि १ व ९ यांच्यामध्ये एक रुंद फट असते. सॉकेटवरही तशीच रुंद जागा सापडेल. दोन्ही समोरासमोर आणा, पिना भोकांवर नुसत्या टेकवा, आणि एका पिनेलाही अडथळा नाही असं जाणवल्यावरच सरळ खाली दाबा. जोर लावावासा वाटला तर थांबा, बाहेर काढून पिना बघा. एखादी वाकली असेल तर चपट्या चिमट्याने टोकाकडून हळूहळू सरळ करा, मुळाशी वाकवू नका. नवं सॉकेट घट्ट असेल तर ट्यूब पूर्ण खाली टेकायला दोन प्रयत्न लागतात. एक बाजू वर राहिली नाही ना, ते आडवं बघून घ्या.

चालू करताना

झाकण लावा. व्हॉल्यूम शून्यावर. प्रीअँप चालू करा आणि एक मिनिट नुसतं बघा. सगळ्या हीटरांचा नारिंगी उजेड सारखाच हवा. जळका वास आला, ट्यूबच्या आतल्या धातूच्या पत्र्यांना लाली चढली किंवा पत्र्यांच्या मधल्या पोकळीत गुलाबी-जांभळी धुकट चमक दिसली, तर प्लग काढा. काचेच्या आतल्या पृष्ठभागावर फिकट निळसर झाक दिसली तर हरकत नाही. सगळं ठीक असेल तर पॉवर अँप चालू करा आणि व्हॉल्यूम सावकाश चढवा.

नवी ट्यूब पहिले काही तास जरा कुरकुरते, मग निवळते. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी निकाल देऊ नका. पण दोन-तीन दिवस चालवूनही फटफट थांबली नाही, तर परत करा. "अजून बर्न-इन झाली नाही" (म्हणजे चालून रुळली नाही) हे विक्रेत्याचं उत्तर परत घेण्याची मुदत संपेपर्यंत ऐकत बसू नका.

फरक ऐकताना

दोन ट्यूबांचा गुणक तंतोतंत सारखा नसतो. एक जरा मोठा आवाज देते आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. "काय खुललाय आवाज!" यातलं निम्मं तरी एवढंच असतं. म्हणून मोबाइलवर आवाज मोजणारं अॅप घ्या, बसायच्या जागी मोबाइल ठेवा, १००० हर्ट्झचा सलग स्वर लावा आणि बदलण्याआधी व नंतर व्हॉल्यूम असा ठेवा की आकडा तोच येईल. मगच गाणं लावा. मानवी गळा, बायाँचा घुमारा, तंबोरा, अशी तुम्हाला पाठ असलेली रेकॉर्ड असावी. मात्र हम तपासायला तंबोरा लावू नका, तो सगळं झाकून टाकतो. हम रात्री, गाणं बंद ठेवून ऐका. फ्रिज आणि पंखा बंद हवा.

ट्यूब बदलायला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात कानाची आठवण पातळ होते. म्हणून नवी ट्यूब आठवडाभर चालवा, मग एक दिवस गुपचूप जुनी परत लावा. काही खटकलं तर फरक खरा. न खटकलं तर जुनीच चालू द्या आणि नवी जपून ठेवा.

काढलेल्या ट्यूबा खोक्यात ठेवताना चिठ्ठी टाका: कुठल्या जागेवरची, कधी काढली, काय दोष. खराब निघालेली ट्यूब इतर विद्युत कचऱ्यात द्या. फुटलेली असेल तर जाड कागदात गुंडाळून वर ठळक "काच" लिहा आणि कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्या, ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकू नका.